भाजणं आणि शेकणं

सकाळी ६.४५

कुकर लावला आणि ओट्याशी उभ्या उभ्याच कालचे फोटो पुन्हा उघडले. गडहिंग्लजहून आलेले तीन फोटो. पहिला दीड वर्षापूर्वीचा, कुणाच्या तरी लग्नातला. निळी साडी, हसरा चेहरा, हनुवटीखाली थोडे दाट केस, तेही मोठं करून पाहिल्यावरच दिसणारे. उरलेले दोन परवाचे. हनुवटी आता जवळजवळ स्वच्छ आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंनी जबड्याच्या कडेनं कानाच्या पाळीपर्यंत आणि खाली मानेवर काळ्या केसांचा पट्टा उठला आहे. खाली मजकूर होता : "मॅडम, लेझरच्या सहा सिटिंग झाल्या. जिथं केस नव्हते तिथं आले. असं होतं का?"

मी रात्री लिहिलं होतं, "होतं. उद्या साडेदहाला ये." तिचं उत्तर लगेच आलं. "तिकडं म्हणाले, असं होतच नाही."

या वाक्यानं रात्री झोप लागू दिली नाही. चोवीस वर्षांच्या मुलीनं रोज आरशात जे पाहिलं, ते होतच नाही असं तिला सांगितलं गेलं. वास्तविक या प्रकाराला नाव आहे. पॅरॅडॉक्सिकल हायपरट्रायकोसिस. केस घालवण्याच्या उपचारानंच केस वाढणं. वैद्यकीय नियतकालिकांत २००२ पासून त्याच्या नोंदी आहेत. वेगवेगळ्या अभ्यासांत त्याचं प्रमाण ०.६ टक्क्यापासून १० टक्क्यांपर्यंत सापडलं आहे. आकडे इतके लांब लांब का, तर कुणी काखा आणि पाय धरून मोजलं, कुणी फक्त चेहरा मोजला, कुणाचे रुग्ण गोरे होते, कुणाचे सावळे.

आणि हे माझ्या स्वतःच्या संमतिपत्रातही आहे. चौथ्या पानावर, इंग्रजीत, बारीक अक्षरात. ज्या बाया तिथं सही करतात त्यांच्यातल्या कितीजणींना ती ओळ कळते? आज रात्रीपर्यंत ती ओळ मराठीत लिहून काढायचीच, असं ठरवून मी गॅस बंद केला.

सकाळी ९.००

राजारामपुरीतल्या दवाखान्यात मी सिस्टरच्या आधी पोचले. मशीन चालू करायला माणूस शांत लागतो. कूलिंगच्या पाण्याची पातळी बघायची, हँडपीसची काच स्पिरिटनं पुसायची, कारण तिच्यावर जळक्या केसाचा एक कण जरी राहिला तरी तो तापून कातडीवर डाग पाडतो. गॉगल मोजायचे. दाराला आतून कडी.

लेझरनं केस कसा जातो ते मी रोज दोन-तीनदा सांगते. उन्हात काळी छत्री पांढरीपेक्षा जास्त तापते, तेवढंच तत्त्व आहे. केसात मेलॅनिन असतं, काळा रंग. प्रकाशाचा झोत कातडीतून आत जातो, मेलॅनिन तो शोषतं, केस तापतो, आणि ती उष्णता केसाच्या मुळापर्यंत पोचून मुळाला निकामी करते. झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागांपुरताच, म्हणजे केस भाजला जावा पण भोवतालच्या कातडीला पोळण्याइतका वेळ मिळू नये. हा नेम धरण्याचा विचार अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ साली मांडला. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर तिकडे केसांसाठी लेझर वापरात आला. तिथल्या सरकारी यंत्रणेनं परवानगी देताना शब्द जपून वापरला : केस 'कायमचे कमी' होतात. 'कायमचे जातात' असं म्हणू दिलं नाही. आपल्याकडच्या पाट्यांवर मात्र 'कायमचे' एवढंच उरलं.

अडचण आपल्या रंगात आहे. आपली कातडीही मेलॅनिनची. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर लेझरला एकच गिऱ्हाईक असतं, आपल्याकडे दोन असतात. म्हणून आपण जपून ऊर्जा कमी ठेवतो. आपल्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचा लेझर जास्त मानवतो, कारण तो वरच्या थरात कमी अडकतो आणि खोल जातो. डायोड ८०० ते ८१० च्या आसपासचा. दोन्ही माझ्याकडे आहेत.

आता हनुवटीचा जाड केस समजा. कमी ऊर्जेतही तो भाजतो. पण त्याच्या शेजारी गालावर जी मऊ लव आहे, तिच्यात रंग जवळजवळ नाहीच. तिला तोच झोत लागला, किंवा त्याची कडेची धग लागली, तर ती भाजत नाही. ती नुसती शेकली जाते. आणि शेकलेलं मूळ मरण्याऐवजी जागं होऊ शकतं. रक्तपुरवठा वाढतो म्हणून, दाहामुळे सुटणाऱ्या द्रव्यांमुळे, की विश्रांतीत असलेली मुळं एकदम वाढीच्या फेरीत ढकलली जातात म्हणून, यावर तज्ज्ञांचं एकमत झालेलं नाही. परिणाम मात्र दिसतो. भुरी लव काळी आणि जाड होते.

९.३०

पहिल्या दोघी काखेच्या. काखेत हा प्रकार क्वचितच होतो. केस जाड, लव जवळपास नाही, संप्रेरकांचा खेळही चेहऱ्याइतका नाही. पंधरा-पंधरा मिनिटांत काम झालं.

१०.३०

ती आणि तिची आई. मुलीनं स्कार्फ नाकापर्यंत बांधला होता, आणि ऊन अजून चढलंही नव्हतं. गावातल्या दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहिते म्हणाली. पहाटे पाचला आणि संध्याकाळी सहाला शंभर माणसं समोरून जातात.

"स्कार्फ काढतेस का? घाईनं नको. दार लावलंय."

तिनं काढला. आई खिडकीबाहेर बघायला लागली.

मी भिंग घेऊन बसले. अशा वेळी आधी नुसतं पाहायचं असतं, बोलायचं नसतं. हनुवटीच्या मध्यावर चार-पाच केस. तिथून दोन बोटं बाजूला सरकलं की पट्टा सुरू. केस दाट, काळे, सगळे साधारण एकाच लांबीचे, म्हणजे एकदम उगवल्यासारखे. पट्ट्याची वरची रेघ इतकी सरळ होती की मशीनची कड कुठं टेकली असेल ते बोटानं दाखवता यावं. फक्त संप्रेरकांमुळे येणारे केस असे येत नाहीत. ते ओठावर, हनुवटीवर, छातीच्या मध्यावर, बेंबीखाली, असे शरीराच्या मधल्या रेघेवर हळूहळू वाढतात. लेझर फिरलेल्या जागेला कुंपण घातल्यासारखे उगवत नाहीत.

"गालावर पण मारलं होतं का लेझर?"

"तिसऱ्या सिटिंगपासून. म्हणाले, आता सगळीकडंच मारू, एकसारखं दिसंल."

"चटका बसायचा?"

"हनुवटीवर बसायचा. गालावर काहीच नाही. नुसतं गरम लागायचं. बरं वाटायचं."

बरं वाटायचं. मी ते तिच्याच शब्दांत कागदावर लिहिलं.

आई तेव्हा वळली. "मॅडम, शेजारणी म्हणत हुत्या, लेझरनं केस वाढत्यात म्हणून. आमीच ऐकलं नाही. पोरीनं सोताच्या पगारातनं पैसं भरलं. परत गेलो तर म्हणाले, हिचे हार्मोन बिघडल्यात, आमचा काय संबंध."

"ताई, शेजारणींचं थोडं खरं आहे, लेझरवाल्यांचंही थोडं खरं असेल. मला अजून काही विचारू दे."

पाळी? दोन-दोन महिने येत नाही. कधीपासून? बारावीपासून. वजन? तीन वर्षांत अकरा किलो. पोटावर, मांड्यांवर केस? थोडे. नऊ जागांना शून्य ते चार गुण देऊन केसांची मोजणी करतात. आठच्या पुढे गेलं की आत कारण शोधायचं. तिचे अकरा भरले. लेझर सुरू करण्याआधी हे कुणी विचारलं होतं? नाही. रक्त तपासलं होतं? नाही.

म्हणजे पीसीओडीचा दाट संशय. ज्या बायकांत हा उलटा परिणाम जास्त दिसतो, त्यांच्यातही हेच पुन्हा पुन्हा सापडलं आहे : सावळी कातडी, चेहरा आणि मान, आणि जोडीला संप्रेरकांची गडबड. हे तिला पूर्ण सांगायला हवं होतं, कारण अर्धं सांगितलं की ते आरोप होतं. मी म्हणाले, "जमीन तुझ्या शरीरानं तयार ठेवली होती. पण पाणी लेझरनं घातलं. दोन्ही खरं आहे. यात तू काही चुकीचं केलेलं नाहीस."

ती रडली नाही. तिनं विचारलं, "म्हणजे मला भास होत नव्हता?"

"नव्हता. फोटोतसुद्धा स्पष्ट दिसतंय."

मग पुढचं. लेझर सध्या पूर्ण बंद. टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, साखर, सोनोग्राफी. स्त्रीरोगतज्ज्ञांना चिठ्ठी. गोळ्या सुरू झाल्या तरी केसांवर फरक दिसायला सहा महिने धरायचे, कारण जो केस आज वाढीला लागला आहे तो आपली फेरी संपवूनच गळणार. त्यानंतर लेझर, पण वेगळा आणि वेगळ्या हातानं. तोपर्यंत रेझर.

"रेझर?" दोघी एकदम. "त्यानं तर अजून राठ येतील!"

नाही येत. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून हे तपासलं होतं. वस्तऱ्यानं केस ना जाड झाले ना जोरात वाढले. वस्तरा कातडीच्या वरचा मेलेला भाग कापतो, मुळापर्यंत त्याचा हात जातच नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून बोटाला खरबरीत लागतं, इतकंच. मला याचं फार वाईट वाटतं की जे निरुपद्रवी आहे त्याला आपल्या बायका शंभर वर्षं घाबरत आल्या, आणि ज्याची खरंच चौकशी करायला हवी होती तिथं विश्वासानं गाल पुढे केला.

जाताना तिनं स्कार्फ बांधला, पण या वेळी हनुवटीखाली.

११.४०

पुढचा रुग्ण उशिरा येणार होता. मी कपाटातून एक जुनी फाइल काढली. दरवर्षी एकदा तरी काढते.

२००८ सालची आहे. तेव्हा माझ्याकडे लेझर नव्हता, आयपीएल होतं, म्हणजे एका ठरावीक तरंगलांबीचा नव्हे तर अनेक तरंगलांबींचा मिसळलेला प्रकाश. वीस वर्षांची मुलगी. ओठ आणि हनुवटी एवढंच ठरलं होतं. तिची आई म्हणाली, "गालावर पण जरा मारा की." मी नको म्हणायला हवं होतं. उलट मी कडा उठून दिसू नयेत म्हणून ऊर्जा कमी करत करत गालावर झोत विरळ करत नेला. त्या काळी हे मला नीटनेटकं काम वाटायचं. तीन महिन्यांनी गालावर कल्ल्यांसारखी रेघ आली. आणि मी काय म्हणाले? "हार्मोन्स असतील."

ती मुद्दाम फसवणूक नव्हती, मला खरंच तसं वाटलं होतं. पण तिला घरी जाऊन आरशात दिसत होतं की डॉक्टरांचा हात जिथपर्यंत गेला तिथपर्यंतच केस आलेत. ती चौथ्या वेळेनंतर आली नाही. मी नंतर हे सगळं वाचलं, तिच्या नंबरावर फोन केला, तो बंद होता. आज सकाळच्या मुलीला जे वाक्य ऐकावं लागलं, ते मीही एकदा बोलले आहे. म्हणून ती फाइल मी रद्दीत देत नाही.

दुपारी १२.१५

इचलकरंजीच्या एक ताई, वय चाळीस. तक्रार तीच. "लेझरनं माझ्या गालावर केस आले." इथं घाई केली तर उलटी चूक होते. ओठावरचा लेझर दोन वर्षांपूर्वीचा, गाल कुणी शिवलेला नाही, आणि केस आलेत गेल्या पाच-सहा महिन्यांत. दोन्ही गालांवर भुरकट, मऊ, लांब. कातडी लालसर, पातळ, आतल्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी वरून दिसते.

"चेहऱ्याला काय लावता?"

"काही नाही. एक क्रीम फक्त. गोरं व्हायला."

पर्समधून ट्यूब निघाली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांचं मिश्रण. मोमेटासोन स्टेरॉइड आहे. काही आठवडे डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं औषध त्यांनी मेडिकलवाल्याकडून नऊ महिने विकत घेतलं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारनं नियम कडक केले, पण काउंटरवर अजून कुणी कुणाला चिठ्ठी विचारत नाही. चेहऱ्याला दीर्घकाळ स्टेरॉइड लागलं की कातडी पातळ होते, पुरळ येतं, आणि लव वाढते. यात लेझरचा काही दोष नाही.

चांगली गोष्ट ही की हे केस औषध सुटल्यावर महिनोन्‌महिन्यांत बरेचसे ओसरतात. वाईट ही की मलम सोडलं की आधी चेहरा भडकतो, जळजळतो, आणि बायका घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणतात. त्यांना मी फोन नंबर दिला. भडकलं तर रात्री अकरालाही फोन करा, पण मेडिकलमध्ये जाऊ नका.

दुपारी १.४५

डबा. पोळी, मेथीची भाजी, दह्यातली चटणी. सिस्टर शेजारी बसली होती. सकाळच्या मुलीचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, मग टकलावर लेझर देतात ते काय?"

इतका नेमका प्रश्न मला परिषदेतही कुणी विचारलेला नाही. मी तिला एन्द्रे मेस्तर यांची गोष्ट सांगितली. बुडापेस्टचे डॉक्टर. साठच्या दशकात, लेझर नुकता जन्माला आला होता तेव्हा, त्याच्यानं अपाय होतो का हे बघायला त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढले आणि रुबी लेझरचा अगदी सौम्य झोत दिला. अपाय झाला नाही. ज्या उंदरांना झोत मिळाला त्यांचे केस लवकर उगवले. हे १९६७ च्या सुमाराचं. पुढे यातूनच केस वाढवणारे सौम्य लाल प्रकाशाचे कंगवे आणि टोप्या निघाल्या. अशा एका कंगव्याला अमेरिकेत २००७ मध्ये परवानगी मिळाली.

"म्हणजे केस घालवायच्या आधीच केस आणायचं सापडलं होतं?"

"हो. रुबी लेझरनं केस घालवण्याचे प्रयोग नव्वदीतले. केस आणण्याचे त्याच्या तीस वर्षं आधीचे."

सिस्टरनं डबा बंद केला. "मग हे होतच नाही असं कसं म्हणतात?"

दुपारी ३.००

रिपोर्ट, फोन, विम्याची कागदं. एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीशी गडहिंग्लजच्या मुलीबद्दल बोलले. ती म्हणाली, पाठव, उद्याच बघते.

४.१५

आज ज्या कामाची मी वाट बघत होते ते हे. एका हायस्कूलमधल्या शिक्षिका, वय अडतीस. त्यांच्या मानेवर आणि जबड्याखाली हाच प्रकार झाला होता, दुसऱ्या गावात. वर्षभर आम्ही तो मागे रेटतो आहोत. आज पाचवी वेळ.

लोकांना वाटतं की लेझरनं बिघडलं तर लेझर सोडायचा. कधी कधी तेच बरोबर. पण जे केस आता जाड आणि काळे झाले आहेत ते लेझरला नीट दिसतात. तेच आता भाजण्याजोगे झालेत. फक्त या वेळी अर्धवट भाजायचं नाही. २००७ मध्ये ५४३ जणांच्या नोंदी तपासून या प्रकारावर एक लेख आला होता. त्यातल्या दोन सूचना माझ्या हाताच्या सवयीच झाल्या आहेत. एक म्हणजे त्याच जागी दुसरा फेरा. आणि दुसरी, जी मला फार आवडते, भोवतालच्या जागेला बर्फाची पिशवी.

त्या आधीची तयारी जास्त वेळ खाते. रेझरनं केस काढून घ्यायचे, नाहीतर वरचाच केस जळून कातडी पोळते. मग पांढऱ्या पेन्सिलनं हद्द आखायची. काळी किंवा निळी पेन्सिल चालत नाही, लेझर शाईलाच केस समजतो. ही रेघ आखताना मी श्वास रोखते. काळा जाड केस जिथं संपतो तिथं रेघ, त्याच्या पलीकडे लव असली तरी नाही. मग रेघेच्या बाहेर चारी बाजूंनी थंड जेलच्या पिशव्या, सिस्टर दोन्ही हातांनी दाबून धरते. लव शेकली जाऊ नये म्हणून तिला गारठ्यात ठेवायचं.

"बाई, चटका बसेल."

"बसू दे. मागच्या वेळेला तिकडं बसत नव्हता तेव्हाच घात झाला."

१०६४, लांब पल्स, ऊर्जा त्यांच्या कातडीला सोसेल तेवढी. आधी कानामागे एक झोत, तीन मिनिटं थांबून कातडी बघायची. मग एकेक, जागा न सोडता. जळक्या केसाचा वास येतो. तो आला की मला बरं वाटतं. दहा-पंधरा मिनिटांनी प्रत्येक मुळाभोवती लालसर सूज उठली, पुरळासारखी. ती हवीच असते. मुळाला लागलं आहे याची ती खूण.

हनुवटीवर त्यांचे सात-आठ केस पांढरे आहेत. त्यांना लेझरचा उपयोग शून्य, रंगच नाही तर तापणार काय. त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिस. एकेका मुळात बारीक सुई घालून वीज. ही पद्धत केसांसाठी लेझर वापरात येण्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधीची. १८७५ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स मिशेल नावाच्या नेत्रतज्ज्ञानं डोळ्यात टोचणाऱ्या उलट्या पापण्या काढण्यासाठी ती वापरली. सावकाश, किचकट, पण केसाचा रंग विचारत नाही, आणि शेजारच्या केसाला ऊबही लागू देत नाही. गालावरच्या मोजक्या केसांसाठी मला आजही तीच सगळ्यात भरवशाची वाटते. दुर्दैवानं ती नीट करणारे हात आता कमी होत चाललेत.

त्या उठल्या, आरसा मागितला, मान वळवून पाहिलं. "पहिल्या वेळच्या फोटोशेजारी लावून दाखवाल?" दाखवला. दोन तृतीयांश तरी कमी झालेत. पूर्ण नाही. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "सोमवारी अंबाडा घालून शाळेत जाईन." दोन वर्षं त्या केस मोकळे सोडून, मान झाकून शिकवत होत्या.

संध्याकाळी ६.३०

गर्दीची वेळ. नायटा, कोंडा, मुरुम, एका आजोबांची खाज. मधेच सतरा वर्षांची मुलगी आणि तिची आई. मुलीच्या गालांवर सोनेरी लव, उन्हात बसली तरच दिसेल अशी. पाळी नियमित, हनुवटी साफ.

"वर्गातली मुलं चिडवतात," आई म्हणाली. "सुट्टीत लेझर करून टाकू."

"नाही करणार मी."

आईला राग आला. पैसे देतोय तर नाही का म्हणता? मी तिला सकाळपासूनचं सगळं सांगितलं, नाव-गाव वगळून. ही लव लेझरला दिसत नाही, ती जाणार नाहीच, पण जागी होऊ शकते. आज जे फक्त उन्हात दिसतं ते उद्या सावलीतही दिसेल.

तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "मी ऑनलाइन एक मशीन मागवलंय. घरी करायचं." आईला माहीत नव्हतं. घरगुती यंत्रं बहुतेक आयपीएलची, आणि अननुभवी हाताला भाजू नये म्हणून त्यांची ऊर्जा मुद्दामच कमी ठेवलेली असते. पायावरच्या काळ्या केसांना त्याचा थोडा उपयोग होतो. गालावरच्या लवेला मात्र ती नेमकी शेकच देतील.

"पायाला वापर हवं तर, सूचना नीट वाचून. गालाला नको. मला शब्द दे."

तिनं मान हलवली. मग मी तिला एक छोटा रेझर कसा धरायचा ते दाखवलं, आणि चिडवणारी मुलं कुठल्या वर्गातली ते विचारलं. त्यावर आम्ही तिघी बराच वेळ बोललो. बाहेर लोक खोळंबले होते, पण हे बोलणं मधेच तोडता येण्यासारखं नव्हतं.

रात्री ८.५०

दवाखाना रिकामा. मी संमतिपत्राचं चौथं पान समोर घेतलं आणि खोडून लिहीत बसले. पहिला मसुदा फार शास्त्रीय झाला, दुसरा भीती घालणारा. तिसरा असा :

"चेहऱ्यावर आणि मानेवर लेझर केल्यानंतर काही जणींना त्या जागी किंवा तिच्या कडेनं आधी नसलेले काळे, जाड केस येतात. पाळी अनियमित असेल, पीसीओडी असेल किंवा बारीक लवेवर लेझर केला असेल तर हा धोका जास्त. म्हणून आम्ही लवेवर लेझर करत नाही, सांगितलं तरी करत नाही. पहिल्या वेळेआधी आणि दर वेळी तुमचे फोटो काढले जातील आणि ते तुम्हालाही दिले जातील. नवे केस दिसले तर लगेच सांगा. ते खरं मानून तपासलं जाईल."

मावशी फरशी पुसत होत्या. पन्नाशीच्या आहेत, सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांना म्हटलं, मावशी, जरा बसा, हे वाचून बघा, कळतंय का सांगा. त्यांनी हात पदराला पुसले, कागद दिव्याजवळ धरला आणि ओठ हलवत सगळा वाचला. एकदा नाही, दोनदा.

"कळतंय की," त्या म्हणाल्या. "खरं एक राहिलं बघा ह्यात."

"काय?"

"असं केस आलंच, तर ते काढायचं पैसं कुणी द्यायचं?"

मी पेन उघडलं. शिक्षिकाबाईंनी तिकडे सहा वेळेचे दिले होते, माझ्याकडे आज पाचव्या वेळेचे. गडहिंग्लजच्या मुलीनं दुधाच्या हिशेबावर मिळवलेले गेले. शेवटच्या वाक्याखाली मी लिहिलं : "आमच्याकडे केलेल्या लेझरमुळे असे केस आले, तर त्यांच्या उपचाराचे पैसे घेतले जाणार नाहीत."

मावशींनी तेही वाचलं, कागद परत दिला आणि बादली उचलली. मी सिस्टरला मेसेज केला : उद्या सकाळी पन्नास प्रती, मोठ्या अक्षरात.